खालची ओळ

म्हातारीनं पिशवीतून आधी पार्किन केकचा पत्र्याचा डबा काढला, मग ग्रंथालयाचा शिक्का असलेली कादंबरी काढली, आणि दोन्ही वस्तू नोराच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या.

“दोनशे चौदावं पान,” ती म्हणाली. “तिथं तू मला बुडवलंयस.”

नोरा हेलिवेलच्या हातात किटली होती, ती हातातच राहिली. दारात वाचक येणं तिला नवं नव्हतं. पंचवीस वर्षं भुताखेतांच्या रहस्यकादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईकडे नाही नाही ती माणसं येतात. कुणाच्या माळ्यावर पावलं वाजतात, कुणाचा मेलेला नवरा पहाटे रेडिओ लावतो. अशांना ती उंबऱ्यावरूनच वाटेला लावायची. भुतं हा माझा धंदा आहे, म्हणायची, खाटकाला कुणी मेंढीच्या आत्म्याबद्दल विचारतं का? पण ही बाई ऐंशीच्या पुढची होती आणि पावसात चढ चढून आली होती. तिला आत घ्यावंच लागलं.

“कुणाला बुडवलंय म्हणता?”

“मला. थर्झा मिजली.” म्हातारीनं कोटाची बटणं सोडली. युद्धात पडलेल्यांच्या आठवणीसाठी नोव्हेंबरात लावतात ते कागदी पॉपीचं फूल कॉलरवर भिजून लोंबत होतं. “चहा करतेयस ना? साखर दोन.”

“थर्झा मिजली मेलीय,” नोरा म्हणाली. “मी तिचा दगड पाहिलाय. वरच्या चॅपलच्या आवारात.”

“दगड आहेच. मी अजून त्याच्याखाली गेले नाहीये, एवढंच.”

नोरानं किटली खाली ठेवली. पात्रांची नावं ती फक्त थडग्यांवरून उचलायची. पहिल्या कादंबरीत खुन्याचं नाव तिनं स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं, तर त्याच नावाचा कुणी सभ्य गृहस्थ वकिलाची नोटीस घेऊन उभा राहिला. तेव्हापासून नेम केला. मेलेला माणूस वकील लावत नाही. दर उन्हाळ्यात ती खोऱ्यातल्या चॅपलांची आवारं पालथी घालायची. खिशात वही, पेन्सिल आणि शेवाळ खरवडायला आइसकँडीची लाकडी काडी. नाव दगडाचं घ्यायचं, तारीख मात्र घ्यायची नाही. मरणाची तारीख आपली आपण ठरवायची. लंडनचे समीक्षक तिला ‘भुतं विणणारी साचेवाली’ म्हणत, आणि आपण मोठी गंमत केली असं समजत. पंधराव्या वर्षी कापडगिरणीत विणायच्या साच्यावर उभं राहणं म्हणजे काय, ते त्यांच्या आयांना ठाऊक नव्हतं. पण एकानंही कधी म्हटलं नव्हतं की हिची नावं खोटी वाटतात.

“मग जिवंत माणसाचं नाव दगडावर कशाला?” तिनं जरा चिडूनच विचारलं.

“माझा नवरा पाथरवट होता. एनॉक. स्वतःचा दगड स्वतः घडवून गेला, त्याला एकोणीस वर्षं झाली. म्हणाला, नवराबायकोची अक्षरं एका हातची पाहिजेत, नाहीतर तुझ्या नावाला तो पुतण्या हात लावील आणि कायमची वाकडी पडशील.” म्हातारीनं केकचा डबा उघडला. “आपल्याकडे करतात की असं. तारखेची जागा सोडतात. तुझ्या आईनं नाही केलं? तुझ्या आईचा दगडही एनॉकनंच केलाय. काळा, भिंतीकडच्या रांगेत. तुझंही नाव आहे त्यावर.”

“माहीत आहे मला.”

आईनं मरायच्या आधी अंथरुणातून फर्मान काढलं होतं की मायलेकींची नावं एकदमच कोरून घ्या, ही काही लग्न करत नाही. खोऱ्यातला एकही दगड नोरानं खरवडायचा ठेवला नव्हता. भिंतीकडची ती रांग तेवढी तिनं वीस वर्षांत पाहिली नव्हती.

तिनं कप ठेवले, फडताळातली वही काढली आणि पानं उलटली. हिची चूक आत्ताच दाखवून देते, असा तिचा आवेश होता.

“हे बघा. नावं फक्त. तारखा माझ्या असतात, त्या मी…”

पानावर तिच्याच हातचं पेन्सिलीतलं अक्षर होतं. थर्झा मिजली. आणि त्याच्यापुढे, त्याच पेन्सिलीनं, १२ नोव्हें.

“काय झालं?” म्हातारीनं विचारलं.

“काही नाही.” नोरानं वही मिटली. कथानकाचं टिपण असेल. घरी आल्यावर लिहिलं असेल. “तारीख माझी आहे. मी ठरवलेली.”

“तारखेबद्दल मी काही म्हणत नाही,” थर्झा म्हणाली. “बारा नोव्हेंबर, गुरुवार. बरोबर आहे. या गुरुवारपासून दूध बंद करायला सांगितलंय, मांजर शेजारच्या ब्रेंडाकडे दिलंय. माझं म्हणणं पाण्याबद्दल आहे.”

आज सोमवार होता.

नोरानं बाकीच्या म्हाताऱ्यांना सांगितलं असतं तेच हिला सांगितलं. हे खूळ आहे. डॉक्टरकडे जा. मी लिहिलं म्हणून कुणी मरत नसतं, नाहीतर मी आधी दोन समीक्षक उडवले असते. थर्झानं सगळं ऐकून घेतलं. केकचा तुकडा चहात बुडवला, चोखला.

“विश्वास ठेव असं कोण म्हणतंय तुला? खोडून टाक एवढंच म्हणतेय. माझी धाकटी बहीण गिरणीच्या तळ्यात गेली. नऊ वर्षांची. काढली तेव्हा मीच तिचे बूट सोडवले. ते पाणी कसं असतं ते तुला लिहायला ठीक आहे, पोरी. मला ते माहीत आहे.”

बहिणीचं नोराला माहीत नव्हतं. पण दोनशे चौदाव्या पानावर तिनं बुटांच्या नाड्या लिहिल्या होत्या, ओल्या, गाठ न सुटणाऱ्या.

“पुस्तक छापून गेलंय,” ती शेवटी म्हणाली.

“ते जाडं. वसंतात कागदी बांधणीचं येणार असं मागे लिहिलंय की. त्याचं काय?”

त्याचे तपासणीचे कागद तिकडे, खिडकीखालच्या टेबलावर, दोरीनं बांधलेले पडले होते. दोघींची नजर एकाच वेळी तिकडे गेली.

“मी एक अक्षर बदलत नाही,” नोरा म्हणाली. “कुणासाठीच नाही. लंडनवाल्यांनी पंचवीस वर्षं डोकं फोडलं.”

“त्यांना कुठं मरायचंय?” थर्झा उठली आणि कोट चढवू लागली. दारापाशी थांबली. “बिछान्यात दे. आणि त्या तुझ्या गोष्टीत माझ्याजवळ कोण आहे?”

“कुणी नाही.”

“मग कुणीतरी लिही.”

मंगळवारी नोरानं लंडनला फोन लावला. संपादक होता जस्टिन, तिच्या निम्म्या वयाचा. त्याचा आवाज इस्त्री केलेला असायचा.

“नोरा, डार्लिंग, ती बुडत नाही म्हणजे काय? मग जिन्यावर ओली पावलं कुणाची? पुढची तीन प्रकरणं ओल्या पावलांवर उभी आहेत. मुखपृष्ठावर ओली पावलं आहेत.”

“मग ती कोरडी कर.”

“हे तू थट्टेत म्हणतेयस ना?”

“मी थट्टा करते तेव्हा तुला कळत नाही, हे मला ठाऊक आहे. ही थट्टा नाही.”

तिनं फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडली. त्या कादंबरीत खरोखर धडकी भरवणारं काही असेल तर ती पावलंच होती. पहाटेच्या जिन्यावर एकेक पायरी ओली होत जाते आणि वर चढणारं कुणी दिसत नाही. हे पान लिहिल्यावर खुद्द तिनं दिवा लावून ठेवला होता. आता ते एका म्हातारीच्या खुळापायी फाडायचं. नाही फाडणार, म्हणून ती बाजारात गेली. परत आली ती तळ्यावरच्या वाटेनं. बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीशी पाणी काठोकाठ आलं होतं, आणि पाऊस पडत असूनही त्याच्यावर एक वलय उठत नव्हतं. ती थोडा वेळ बघत राहिली. मग भराभर घरी आली.

बुधवारी सकाळी तिनं कागदांची दोरी सोडली. दोनशे चौदावं पान काढून लाल शाईनं आडवी रेघ मारली, मग त्याच्यापुढची तीन प्रकरणं. समासात जागा पुरेना, तेव्हा वेगळा कागद जोडला. लिहिलं की गुरुवारी दुपारी थर्झा मिजली आपल्या पलंगावर, कोरड्या चादरीत, उजव्या कुशीवर झोपली होती. बाहेर पाऊस होता आणि तो घरात आला नाही. इथं तिचं पेन अडलं. मग तिनं पुढचं वाक्य लिहिलं: खिडकीशी कुणीतरी बसलेलं होतं. नाव द्यायचं तर वहीतून घ्यावं लागलं असतं, आणि वहीला हात लावायची तिची इच्छा नव्हती.

पाकीट तिनं साडेपाचच्या टपालात टाकलं. लाल पेटीच्या तोंडात पाकीट गेल्यावरही हात जरा वेळ तिथंच ठेवला.

गुरुवारी दहा वाजता ती केकचा डबा परत करायला निघाली. डबा रिकामा देऊ नये म्हणून त्यात चार स्कोन, घरचे गोड पाव, भरले. डबा द्यायचा, म्हातारी ठणठणीत आहे हे बघायचं, चार शब्द सुनवायचे आणि परत यायचं, असं तिनं ठरवलं होतं.

थर्झा ठणठणीतच होती. चूल घासून ठेवलेली, पलंगावर नव्या घड्यांची चादर.

“आलीस,” ती म्हणाली. “लिहिलंस कुणीतरी?”

“डबा द्यायला आलेय मी.”

“बरं, तसं.”

मागच्या दाराबाहेर अंगण, आणि तिथून चार पायऱ्या उतरल्या की तळं. नोरा मोरीत कप विसळायला गेली, तेव्हा तिनं त्या दाराची कडी घातली, कुलूप फिरवलं आणि किल्ली स्वेटरच्या खिशात टाकली. वळली तर थर्झा बघत होती.

“राहू दे खिशात,” थर्झा म्हणाली. “बरं वाटतंय मला.”

दुपारी दोघींनी बटाट्याचं सूप घेतलं. थर्झा गिरणीच्या गोष्टी सांगत राहिली. ती सहा साचे सांभाळायची, नोरा चार. कुठला मुकादम कुणाच्या मागे होता, कुणाचे केस पट्ट्यात गेले. एकमेकींना न ओळखता दोघी एकाच शेडमध्ये तीन वर्षं होत्या, हे बोलता बोलता निघालं. तिथं साच्यांचा धडाका इतका की आवाज कामाचाच नाही. बायका नुसते ओठ हलवून बोलायच्या आणि वीस हातांवरची बाई ते वाचायची. बाहेर आल्यावरही ती सवय जात नाही. डॉक्टरच्या दारात, प्रेताच्या खोलीत, जे मोठ्यानं बोलायचं नसतं ते म्हाताऱ्या साचेवाल्या अजून ओठांनीच बोलतात.

“एनॉकला ते कधी जमलं नाही,” थर्झा म्हणाली. “त्याला वाचायला अक्षर लागायचं, आणि तेही बोटांनी. शेवटच्या वर्षी रोज संध्याकाळी छिन्नी घेऊन आवारात जायचा. रोज. मी म्हणायची, आता कुणाचं काम आहे? तर म्हणे, थोडं अपुरं राहिलंय.”

“कुणाचं?”

“ते नाही सांगितलं. हात इतके गार करून यायचा की मी कप धरायला द्यायची.”

ती पलंगावर पडली. नोरा खिडकीशी बसली, कारण दुसरी खुर्ची नव्हती. बाहेर तीनलाच उजेड उतरायला लागला. मागच्या अंगणात गुडघाभर गवत माजलं होतं, पावसानं आडवं झालं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, शनिवारी कुणाला तरी आणून कापून घेऊ.

थर्झानं मान वळवली. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण शेडमधल्यासारखा शब्दन् शब्द मोठा, सावकाश, दुरून वाचता येईल असा.

गवत राहू दे.

“बरं, राहू दे,” नोरा म्हणाली. “तुमचं अंगण.”

म्हातारीनं नाही अशी मान हलवल्यासारखं वाटलं. मग ती उजव्या कुशीवर वळली.

पावणेचार वाजता नोराला घड्याळाची टिकटिक ऐकू आली. आधीही होतीच ती, पण तिच्याखाली आणखी एक आवाज होता, तो आता नव्हता. ती उठली नाही. खिशातली किल्ली मुठीत धरून अंधार पडेपर्यंत बसली. मग चादरीवरून हात फिरवून पाहिला. चादर कोरडी होती.

पुरायचा दिवस पुढचा बुधवार ठरला. ब्रेंडा सगळ्यांना सांगत होती, काय छान मरण आलं, हेलिवेलबाई योगायोगानं तिथंच होत्या. योगायोगानं. नोरानं सहा दिवसांत एक ओळ लिहिली नव्हती. रागावून बघितलं, झोपून बघितलं. मी तारीख लिहिली आणि ती मेली. या वाक्याला लाल रेघ मारायची सोय नव्हती.

बुधवारी सकाळी, माणसं जमायच्या आधी, ती चॅपलच्या आवारात गेली. खड्डा खणून झाला होता. एनॉकचा दगड उपटून भिंतीला टेकवलेला होता, आणि त्याच्यापुढे एनॉकचा पुतण्या सेल्विन कमरेवर हात ठेवून, लाल होऊन उभा होता. काकाचा धंदा आता तोच चालवायचा.

“बाई, तुम्हाला माहीत आहे का हे कुणी केलं?” त्यानं रामराम न करताच विचारलं. “सोमवारी तारीख कोरायचं काम मला सांगितलंय. मला. आणि दगड काढतो तर काय, झालेलं. हॅलिफॅक्सच्या पाथरवटांपैकी कुणीतरी येऊन गेला. मेल्या माणसाचं काम पळवायचं म्हणजे हद्द झाली.”

दगडाची खालची वीतभर पट्टी इतकी वर्षं मातीत रुतलेली होती. तिच्यावर ओली काळी माती होती आणि मातीच्या आत एक ओळ. थर्झाचं नाव आणि जन्मसाल मातीच्या वर, आणि त्यांच्याखाली ही: १२ नोव्हेंबर १९८७.

नोरा वाकली. तिनं बोट त्या ओळीवरून फिरवलं. कडा गोल झाल्या होत्या. तिच्या बोटाला हे वळण माहीत होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी याच दगडाच्या पायाशी तिनं हातानं हिरवळ दाबून खाली बोटं घातली होती, नखांत माती गेली होती, आणि वहीत ही तारीख लिहिताना पेन्सिल मळली होती.

“हॅलिफॅक्सवाल्यांचं नाही हे,” ती म्हणाली.

“नाहीच.” सेल्विन उकिडवा बसला. त्याचा राग उतरत चालला होता आणि त्याच्या जागी काय आणावं ते त्याला सुचत नव्हतं. “सात बघा. सातच्या पायाला आत वळण. असा सात आमच्या काकाशिवाय कुणी कोरायचं नाही. मला शिकवायला गेला, मला जमला नाही.” त्यानं छिन्नीच्या टोकानं आकड्याच्या खोबणीतलं काहीतरी उकरलं. “आणि हे दगडफूल आहे. असं खोल जायला वीस-वीस वर्षं लागतात याला.”

वरच्या कुरणात मेंढ्या ओरडत होत्या.

“तुम्ही लिहिता ना असलं?” सेल्विननं शेवटी विचारलं.

“असलं नाही लिहीत,” नोरा म्हणाली.

ती उठली आणि त्याच्याजवळून निघून भिंतीकडच्या रांगेत गेली. पाय आपोआप चालले. काळा दगड तिनं लांबूनच ओळखला. तो आता एका बाजूला कलला होता आणि खचला होता. आईचं नाव, आईच्या दोन तारखा. खाली नोरा हेलिवेल आणि जन्मसाल. त्याच्याखाली गवत. दाट, पिवळं, दगडाच्या पायाला बिलगून वर आलेलं, आणि त्याच्यामागे दगड आणखी किती खोल गेला आहे ते दिसत नव्हतं.

तिचा हात कोटाच्या खिशात गेला. खिशात लाकडी काडी होती, कायम असायचीच. ती तिनं बाहेर काढली. गुडघे टेकले. ओल मोज्यांतून आत आली. गवताचा एक झुबका तिनं डाव्या हातात धरला. मुळं सैल होती, ओढलं असतं तर सहज आलं असतं.

“तोही काकाचाच ना?” मागून सेल्विनचा आवाज आला. तो दोन रांगा ओलांडून आला होता आणि पुढे यायचं की नाही अशा विचारात उभा होता. “बाई? खाली काही आहे का?”

नोरानं काडी परत खिशात टाकली. झुबका सोडला, आणि दबलेली पाती तळहातानं नीट उभी केली, एका बाजूनं, मग दुसऱ्या.

“गवत आहे,” ती म्हणाली.